महाभियोग मंजूर झाला, मग माणूस खुर्चीवर कसा?

प्रश्न :
मुलगी अकरावीत आहे, राज्यशास्त्राचा अभ्यास करताना तिने विचारलं की बाबा, ट्रम्पवर २०१९ ला महाभियोग झाला तरी तो पदावर राहिला कसा? मी सांगून टाकलं की फेटाळला असेल, तर ती म्हणते नाही, मंजूर झालेला. आता मंजूरही झाला आणि पदही नाही गेलं, हे काही मला कळेना. इंपीचमेंटला महाभियोग हा शब्दच चुकलाय का? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद :
शब्द नाही चुकला हो. अभियोग म्हणजे आरोप ठेवून खटला भरणं, कोर्टातला सरकारी अभियोक्ता त्याच घरातला. पद मोठं म्हणून महा. पदावरून काढणं हा अर्थ त्यात कुठेच नाहीये. अमेरिकेत संसदेच्या खालच्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, साध्या बहुमताने आरोप ठेवले की इंपीचमेंट झालं, तिथेच संपलं, पुढचा खटला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनचं बघा, १८६८ साल, युद्धमंत्री स्टँटनला काढायला निघाले म्हणून काँग्रेस म्हणजे तिथली संसद खवळली, सिनेटमध्ये दोषी ठरवायला ३५ आणि विरुद्ध १९ मतं पडली आणि हवी होती ३६. एका मताने वाचले! क्लिंटन १९९९ ला सुटले, ट्रम्प दोन्ही वेळा सुटले. म्हणजे इंपीच झालेले राष्ट्राध्यक्ष तीन, आणि त्यापायी पद गेलेला एकही नाही.

प्रतिसाद :
राष्ट्राध्यक्ष निक्सनवर महाभियोग झाला असंही सर्रास लिहितात, तेही चूक. १९७४ च्या जुलैत प्रतिनिधीगृहाच्या समितीने आरोप मंजूर केले पण पूर्ण सभागृहात मतदान व्हायच्या आतच ९ ऑगस्टला ते राजीनामा देऊन गेले.

प्रतिसाद :
मला वाटतं गोंधळाचं मूळ आपल्या राज्यघटनेत आहे. कलम ६१ मध्ये एक सभागृह राष्ट्रपतींवर आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं आणि तिथे ठराव दोन तृतीयांशाने पास झाला की राष्ट्रपती पदावरून जातात, ही अख्खी प्रक्रिया म्हणजे आपला महाभियोग. त्यामुळे आपल्या कानाला महाभियोग मंजूर म्हणजे गेलाच असं ऐकू येतं. न्यायाधीशांच्या कलम १२४ मध्ये तर हा शब्दच नाही, नुसतं पदावरून दूर करणं आहे, पण पेपरात तिथेही महाभियोगच छापतात, आणि हे मला खरंच खटकतं.

अजून एक, इंपीचमेंट ही मुळात इंग्लंडच्या पार्लमेंटची पद्धत. १७८७ ला फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिली जात होती तेव्हाच तिकडे इंग्लंडात बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर हीच कारवाई सुरू होती, हो तोच, ज्याच्या काळात मराठ्यांशी साल्बाईचा तह झाला. घटना लिहिणाऱ्यांपैकी जॉर्ज मेसनने चर्चेत त्याचंच उदाहरण दिलं, की महाभियोगाची कारणं म्हणून नुसता देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच ठेवलं तर हेस्टिंग्जसारखा माणूस त्यात बसणारच नाही. त्याने गैरकारभार हा शब्द सुचवला, त्यांच्यातलाच मॅडिसन म्हणाला फार मोघम आहे, मग हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स आलं. ह्याचं मराठी मोठे आणि किरकोळ गुन्हे असं करतात ते साफ चुकीचं, इथे हाय म्हणजे उच्च पदाशी जोडलेलं. मी पदाचा गंभीर गैरवापर असं लिहीन.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार, हे हेस्टिंग्जचं तर माहीतच नव्हतं. मग बातमीत वाक्य कसं हवं?

प्रतिसाद :
प्रतिनिधीगृहाने महाभियोगाचे आरोप ठेवले, सिनेटने निर्दोष ठरवलं. मंजूर हा शब्द प्रस्तावाला लावा, महाभियोगाला नको.