मदत हवी आहे : १९४६ साली मुंबईत मारल्या गेलेल्या थोरल्या आजोबांची नोंद कुठे शोधू?

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ परळला गिरणीत होते आणि १९४६ साली मुंबईतच मारले गेले. घरात पक्कं असं एवढंच माहीत आहे. पुढचं ज्याला विचारावं त्याचं वेगळं.

आजोबा सांगायचे की गोळी लागली. चुलत घरातले म्हणतात, दंग्यात भोसकलं. दोन्ही बाजूंचे लोक ‘दंगा’ हाच शब्द वापरतात, त्यामुळे काहीच उलगडत नाही. वाचून माझ्या लक्षात आलं ते असं की त्या वर्षी मुंबईत दोनदा रक्त सांडलं. एकदा फेब्रुवारीत. १८ तारखेला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नाविकांनी संप पुकारला, २२ तारखेला त्यांना पाठिंबा म्हणून गिरण्या बंद झाल्या, लष्कर रस्त्यावर आलं आणि परळ-लालबागला गोळीबार झाला. दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे दिल्लीत हंगामी सरकार आलं तेव्हा. ती हिंदू-मुस्लिम दंगल होती आणि तिच्यात सुरे चालले. थोरले आजोबा यांतल्या कशात गेले?

हाताशी काय आहे ते सांगतो. गाव राजापूर तालुक्यात. थोरली आजी गावीच असायची, तिला तार आली होती म्हणे, पण तार घरात नाही. गिरणीचा पितळी बिल्ला आहे. त्यावर नंबर आहे, गिरणीचं नाव पुसलंय. त्यांची मुलगी, म्हणजे आमची आत्या, हयात आहे, पण तिने वडिलांना पाहिलेलंच नाही. मृत्यूचा दाखला कुणी काढला नाही. पितृपक्षात त्यांचं पान चतुर्दशीला वाढतात, म्हणून मी त्या वर्षीच्या सगळ्या चतुर्दश्या पंचांगात बघत बसलोय, पण एकही तारीख जुळत नाही.

चुलत भावाला गावातल्या स्मारकावर ‘हुतात्मा’ म्हणून नाव घालायचंय. मला आधी खरं काय ते कळायला हवं. जुनी वर्तमानपत्रं, पोलिसांची किंवा इस्पितळाची दप्तरं यांचा अनुभव असलेल्यांनी मार्ग दाखवावा.

जुनं_दप्तर :

चतुर्दश्या बघणं थांबवा. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही घातचतुर्दशी. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं महालय श्राद्ध त्या दिवशी करतात, मग माणूस कोणत्याही तिथीला गेलेला असो. ते अनैसर्गिक मरणाने गेले एवढं त्यावरून कळतं. गोळीलाही चतुर्दशी आणि सुऱ्यालाही चतुर्दशीच. तुम्हाला हवी आहे ती वर्षश्राद्धाची तिथी. ती घरातल्या बायकांना माहीत असते, पुरुषांना विचारून उपयोग नाही. २२ फेब्रुवारी १९४६ ही तारीख माघ वद्यात येते. सप्टेंबरचा दंगा गणपतीच्या दिवसांत, भाद्रपद शुद्धात पेटला. इतक्या लांबच्या दोन तिथींत बायकांची गल्लत व्हायची नाही.

आणि आत्याचा जन्म कधीचा?

धागाकर्ता :

शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४६.

जुनं_दप्तर :

म्हणजे तारीख गुरुजींची. त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, खरी तारीख मिळेल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी या वह्या गावोगाव धुंडाळल्या गेल्या, पुष्कळ स्कॅनही झाल्या. आपल्यासारख्यांना तो आयता फायदा. तहसील कार्यालयात अर्ज करा. नोंद मोडीत निघाली तर इथे टाका, वाचून देतो.

मृत्यू मात्र त्या वहीत मिळणार नाही, कारण तो गावात झालेला नाही. त्यासाठी फेरफार बघा, गाव नमुना ६, आणि वारसांची वही, ६-क. वारसनोंद करताना तलाठी ‘अमुक इसम अमुक रोजी मुंबई मुक्कामी मयत’ असं लिहून ठेवतो. एक अडचण आहे. तुमच्याकडे खोती असणार, म्हणजे जमीन खोताची आणि कसणारे कूळ. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, तेव्हा त्याआधी घरच्या नावावर काही नसेल तर वारसनोंदही नसेल. पणजोबा वारले तेव्हाचा फेरफार काढा. त्यात ‘थोरला मुलगा पूर्वीच मयत’ असं येऊ शकतं, कधीकधी सालासकट.

परळ_नाका :

मुंबईकडचं मी सांगतो. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथल्या वॉर्डात होत नाही, जिथे मेला तिथल्या वॉर्डात होते. परळ-लालबागचे जखमी बहुधा केईएमला नेत. तिथे गेले असतील तर महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डात विचारा. जे.जे.ला नेलं असेल तर तो भाग वेगळा. अर्ज करताना एकच तारीख लिहू नका, तारखांचा पट्टा द्या. गोळी लागलेला माणूस त्याच दिवशी जातो असं नाही, आठवड्याने, पंधरवड्यानेही जातो. आणि आडनावावर विसंबू नका. इस्पितळात ज्याने आणून टाकलं तो खोलीवरचा सोबती. त्याने ‘पांडू’ सांगितलं, कारकुनाने ‘पांडू’ लिहिलं, पुढे बापाचं नाव, झालं. वय तर सर्रास पाचाच्या पटीत.

स्मशानाच्या नोंदीही बघा. परळमधून भोईवाडा जवळ.

सुरा निघाला तर मात्र वाट बदलते. मुंबई शहरात अपमृत्यूची चौकशी कॉरोनर करायचा, १८७१ च्या कायद्याखाली. ते पद १९९९ मध्ये रद्द झालं. खुनाच्या चौकश्यांच्या दोन-चार ओळी इंग्रजी वर्तमानपत्रांत येत.

बिल्ल्यावर फार वेळ घालवू नका. गिरण्या बंद पडल्या तशी मस्टरंही रद्दीत गेली.

धागाकर्ता :

आत्याशी बोललो. वर्षश्राद्ध शिवरात्रीच्या आधी असायचं, हे तिने विचारताक्षणी सांगितलं. थोरली आजी शिवरात्रीचा उपास धरायची आणि त्याच्या आधल्या आठवड्यात घरात हे असायचं, म्हणून पक्कं लक्षात आहे. नोंदवहीत आत्याचा जन्म जुलै १९४६ चा निघाला. म्हणजे तिच्या जन्माआधीच ते गेले, तिने त्यांना पाहिलं नाही ते म्हणूनच. फेब्रुवारी नक्की समजू ना?

खवट_म्हातारा :

दुसरा पुरावा कच्चा आहे. बाप मुंबईत, लेक राजापुरात. जुलैत जन्मलेल्या पोरीला गिरणीतला माणूस सप्टेंबरपर्यंत न पाहता गेला, असंही सहज झालं असेल. गिरणीकर गावी यायचा तो शिमग्याला नाहीतर गणपतीला. तिथीचा पुरावा मात्र चोख. त्यावर उभे राहा, जन्माचा नुसता टेकू म्हणून ठेवा.

कागदवाला :

फेब्रुवारी धरून चाललात तर वर्तमानपत्रांचं सांगतो, माझा बराच वेळ त्यातच जातो.

पहिलं इंग्रजी बघा, कारण ते घरबसल्या मिळतं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे अंक एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथ संजीवनी’ संकेतस्थळावर आहेत. टाइम्सचे जुने अंक विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून संगणकावर बघता येतात, कुणी विद्यार्थी ओळखीचा असेल तर त्याला धरा. नाव टाकून शोधू नका. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, आणि नावाची स्पेलिंगं वाटेल तशी असतात. २३ फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पानामागून पान वाचा. सगळे पहिलं पान बघून सोडून देतात. पहिल्या पानावर पटेल काय म्हणाले, अरुणा असफअली काय म्हणाल्या, नाविकांनी शरणागती कशी पत्करली हे असतं. तुमचा माणूस आतल्या पानावर, इस्पितळांच्या यादीत. मृतांची यादी संपली की जखमींचीही वाचा. २४ तारखेला जखमींत असलेलं नाव पुढच्या आठवड्यात मृतांत सापडतं.

मराठीत ‘नवाकाळ’ आणि मुंबईचा ‘लोकमान्य’. त्यांत चाळीचं, गल्लीचं नाव येण्याची शक्यता जास्त, कारण बातमीदार तिथलेच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करा. ‘केसरी’ पुण्याचा, त्यात मुंबईची हकिगत थोडक्यात असते. कम्युनिस्टांची त्या वेळची पत्रंही सोडू नका. बंद त्यांनीच पुकारलेला, त्यामुळे मेलेल्या कामगारांची दखल त्यांनी घेतली. फक्त वाचताना लक्षात ठेवा, त्यांच्या लेखी प्रत्येक मृत हा लढणारा असतो, आणि सरकारी पत्रकाच्या लेखी प्रत्येक मृत हा दंगेखोर.

दप्तरं : महाराष्ट्र राज्य पुराभिलेख, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत. गृह खात्याच्या ‘स्पेशल’ शाखेच्या १९४६ च्या फायली मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर प्रांतिक सरकारांचे पंधरवडा अहवाल आहेत. त्यांत मिळतील आकडे, नावं नाहीत. नागरिकांतल्या मृतांचा सरकारी आकडाच सव्वादोनशेच्या वर आहे. नाविकांच्या बंडाची न्या. फझल अलींच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, तो अहवाल तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. तो नौदलाबद्दल आहे, परळच्या चाळींबद्दल त्यात शोधू नका.

आणि हे सगळं करण्याआधी एक सोपी गोष्ट. भारतीय इतिहास संशोधन परिषदेने १८५७ ते १९४७ मधल्या हुतात्म्यांचा इंग्रजी कोश काढलाय. त्याचा तिसरा खंड महाराष्ट्र, गुजरात आणि सिंधचा. तो उघडून पाहा. १९४६ च्या मुंबईतल्या गोळीबारात गेलेली माणसं त्यात आहेत.

धागाकर्ता :

कोश पाहिला. आडनाव नाही, पण पहिलं नाव आणि बापाचं नाव जुळेल अशी एक नोंद आहे, गिरणी कामगार म्हणून. जिल्हा दिलेला नाही. भाऊ पेढे वाटायच्या बेतात आहे.

खवट_म्हातारा :

पेढे थांबवा. त्या नावाचे गिरणीत त्या वर्षी किती असतील! रत्नागिरी जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक. जुळतंय म्हणजे तोच, असं धरलं की पुढचा प्रत्येक कागद तेच सांगायला लागतो. वय जुळतं का? पत्ता? निदान गिरणी तरी?

दुसरं म्हणजे ‘हुतात्मा’. कमल दोंदे त्या दिवशी परळला गोळी लागून गेल्या. त्या परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या, रस्त्यावर का होत्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचे आजोबा बंदात होते, की पाळीवरून परतत होते, की गॅलरीतून वाकून बघत होते? गोळीने काही विचारलं नसणार. स्मारकावर नाव घालायला माझी हरकत नाही, पण ‘लढताना’ हा शब्द दगडात कोरण्याआधी एकदा खात्री करा.

राजापूरकर :

मी एक सुचवतो, कुणी बोललं नाही म्हणून. तुमच्या गावाची परळला खोली असेल. आमच्याही गावाची होती, डिलाईल रोडला. पंधरा-वीस जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे. गावमंडळ वर्गणी गोळा करायचं, आणि कुणी गेलं की अंत्यविधीचा आणि घरी पाठवायच्या पैशांचा खर्च वहीत लिहायचं. ती वही सरकारी नाही, म्हणून कुणी शोधत नाही. जुन्या अध्यक्षाच्या घरी माळ्यावर असते, किंवा गावच्या देवळात पेटीत. तारीख, इस्पितळ, कोण घेऊन गेलं, टॅक्सीचं भाडं, सगळं सापडेल. तार कुणी केली तेही.

धागाकर्ता :

मंडळ अजून आहे, खोली विकली. आता जे अध्यक्ष आहेत त्यांच्या वडिलांकडे पूर्वी हिशेब असायचा असं कळलं. त्यांना फोन केला, म्हणाले, वह्या आहेत, वाळवी किती लागलीय ते बघावं लागेल, आणि १९५० च्या आधीच्या मोडीत आहेत. रविवारी विरारला त्यांच्याकडे जातोय. फेब्रुवारी आणि मार्च १९४६ चीच पानं आधी काढतो, फोटो इथे टाकतो. जुनं_दप्तर, तुम्ही वाचून द्याल म्हणालात, ते धरून चालतोय. भावाला सांगितलंय, दगडाचं काम तोवर थांबव.

जुनं_दप्तर :

टाका. फोटो उन्हात काढू नका, शाई चमकते. खिडकीजवळ सावलीत, पान सपाट करून, आणि प्रत्येक पानाचा वरचा कोपरा चित्रात येऊ द्या. मिती तिथे लिहिलेली असते. साल शके १८६७ असेल. गुढीपाडव्यानंतरच्या पानांवर १८६८ लागेल, त्यावरून घोटाळू नका.