अनुभव धागा : कटऑफच्या अलीकडचे आणि पलीकडचे

मॅरेथॉनबद्दल जे छापून येतं ते बहुतेक पहिल्या सव्वादोन तासांचं असतं. मग कॅमेरे आवरले जातात, आणि शर्यतीतली बहुसंख्य माणसं तेव्हा अजून अर्ध्या वाटेवर असतात. २०१९ साली व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापले. तो अधिकृत विक्रम धरत नाहीत, पण अंतर तेवढंच होतं. तेवढ्या वेळात माझ्यासारखा माणूस सोळाव्या-सतराव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी भरलेला ग्लास शोधत असतो.

हा धागा त्या उरलेल्या तीन-चार तासांसाठी आहे. हौसेने लांब पल्ला धावणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे हळू धावणाऱ्या मंडळींनी लिहावं. सराव कसा बसवला, शर्यतीत काय झालं, कटऑफ (ठरावीक टप्प्यावर पोहोचायची शेवटची वेळ) गाठला की हुकला, काय दुखलं, काहीही चालेल. विनंत्या दोनच. बुटांच्या ब्रँडवरून भांडू नका, आणि 'ठरवलं तर कोणीही करू शकतं' छापाची भाषणं नकोत. वेळ सांगायची नसेल तर सांगू नका.

सुरुवात मीच करतो. मला सगळ्यात जड गेलं ते सरावात हळू धावणं. लाँग रन, म्हणजे सरावातलं सगळ्यात लांबचं धावणं, करताना सलग चार वाक्यं न धापता बोलता आली पाहिजेत, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. माझ्या बाबतीत त्याचा हिशेब किलोमीटरला नऊ मिनिटं असा निघाला. त्या वेगात झपझप चालणाऱ्या एक काकू माझ्या बरोबरीने येतात आणि चढावर मला मागे टाकतात. एकदा त्यांनी थांबून 'बरं वाटतंय ना?' असंही विचारलं. पण आर्थर लिडियार्ड या न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाचं वाचलं आणि धीर आला. तो ८०० मीटरच्या धावपटूंकडूनसुद्धा आठवड्याला शंभर मैल धावून घ्यायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटर आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटर एकाच दिवशी जिंकलं. (त्यांचा 'आरामाचा' वेग माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेगापेक्षा जास्त असणार, ते सोडा.) बऱ्याच काळाच्या संथ धावण्याने स्नायूंमधल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, चरबी जाळायची क्षमता सुधारते. हे काम दिसत नाही, म्हणून संयम सुटतो. माझा सुटायचा तेव्हा मी घड्याळ घरी ठेवायचो.

लिहा आता.

*

धागाकर्त्यांचा पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) वाचून मी गंभीरपणे हेवा केला, हे आधी नोंदवते.

मी धाव-चाल पद्धतीवाली. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून. यातला 'पहिल्या किलोमीटरपासून' हा भाग लोकांच्या पचनी पडत नाही. दमल्यावर सगळेच चालतात. दमायच्या आधी चालायचं असतं. जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि ते स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले. तेव्हा हा आळशांचा शोध आहे असं कोणी म्हणालं की मी एवढंच सांगते.

शर्यतीत मात्र कातडी जाड लागते. दुसऱ्याच किलोमीटरला मी चालायला लागले की रस्त्याकडेची माणसं कळवळून ओरडतात, 'हिंमत सोडू नका!' मागून येणारे 'बाजूने चाला ना' म्हणतात, तेही बरोबरच आहे. म्हणून मी चालायच्या आधी हात वर करते आणि कडेला सरकते. तिसाव्या किलोमीटरनंतर हेच लोक एकेक करून मला परत भेटतात. तिथे मी काही बोलत नाही. मनात बोलते.

अजून एक. मी जन्मले तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात लांब शर्यत १५०० मीटरची होती. बोस्टनने १९७२ मध्ये बायकांना अधिकृतपणे घेतलं, ऑलिंपिक मॅरेथॉनला १९८४ उजाडावं लागलं. त्याआधी १९६७ साली कॅथरीन स्विट्झर बोस्टनला नोंदणी करून धावत होती, तर एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिच्या अंगावरचा बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर, ओढायचा प्रयत्न केला. तो फोटो बघितला की मला चालण्याबद्दलची टोमणेबाजी फारच किरकोळ वाटते.

*

वाचतोय. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी आहेत, सध्या एवढीच पात्रता.

*

वरच्यांना : उतारावर पाय बुटात पुढे सरकतो म्हणून नखं जातात. घोट्याजवळचं शेवटचं जादा भोक असतं ना, त्यातून लेस ओवून टाच पक्की बसवा. बूट अंगठ्याच्या पुढे बोटभर मोकळा हवा. नख आपोआप पडेल, उपटू नका.

*

मी धावते कमी आणि शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत बसते जास्त. डॉक्टर आहे. हळू धावणाऱ्यांचा धागा म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण हा धोका तुमचाच आहे.

पहिल्या दोन-तीन तासांत आमच्याकडे येतात ते मुरगळलेले, पेटके आलेले. पाचव्या तासानंतर कधीतरी असा माणूस येतो, ज्याला मळमळतंय, डोकं ठणकतंय, बोटातली अंगठी घट्ट झालीये, उत्तरं जरा विसंगत देतोय. सोबतचे म्हणतात, पाणी कमी पडलं, अजून पाजा. बऱ्याचदा नेमकं उलटं असतं. प्रत्येक टेबलावर थांबून, तहान नसतानाही ग्लास रिकामे करत आल्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ झालेलं असतं. वेगवान धावपटूला इतकं प्यायला वेळच मिळत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. चार तासांपेक्षा जास्त लागलेले आणि शर्यतीत वजन वाढलेले लोक त्यात जास्त होते. हो, वाढलेले. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढलं तर ते पाणीच असतं.

तेव्हा तहान लागेल तसं प्या. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, आपला घाम किती जातो याचा अंदाज येतो. स्पोर्ट्स ड्रिंकही वाटेल तेवढं प्यायलं तर यापासून वाचवत नाही. आणि शर्यतीच्या सकाळी 'खबरदारी म्हणून' आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. धावताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. तंबूत गोळी घेतल्याचं कोणी आपणहून सांगत नाही, आम्हाला खोदून विचारावं लागतं.

*

माझा अनुभव बसमधला आहे, कटऑफ हुकलेल्यांना गोळा करणाऱ्या.

तीस किलोमीटरचा कटऑफ माझ्या समोर बंद झाला. समोर म्हणजे टायमिंगची चटई दिसत होती आणि स्वयंसेवक तिच्यापुढे दोरी धरून उभे राहत होते. त्या दिवशी ऊन अपेक्षेपेक्षा फार लवकर चढलं. पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं जागेवर होतं, मग पाय ऐकेनासे झाले. डोक्यात राग, भीती काहीच नव्हतं. खांबावरचा आकडा वाचायलाही कष्ट पडत होते. नंतर गणित समजून घेतलं. धावताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी तीन हजारांच्या आसपास. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजन (साठवलेली साखर) मिळून दोन हजारांच्या घरात. उरलेलं चरबीतून येतं, पण सावकाश. उन्हात तोच वेग ठेवायला ग्लायकोजन अजून भराभर जातं. म्हणून ती प्रसिद्ध 'वॉल', म्हणजे पाय अचानक ऐकेनासे होण्याची जागा, तिसाव्या किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे लागते, आणि म्हणून तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगतात. आता मी लाँग रनलाही तितकीच घेतो, पोटाला सवय व्हावी म्हणून.

बसबद्दल मात्र सांगायलाच हवं. मला वाटलं होतं आत सुतकी शांतता असेल. एक जण पुढच्या शर्यतीची नोंदणी फोनवरून तिथेच करत होता. दोघी आपापल्या मोज्यांतले खडे काढून कोणाचा मोठा ते बघत होत्या. सगळ्यांचे पेस जवळपास सारखे, त्यामुळे सकाळपासून एकमेकांच्या पाठी ओळखीच्या होत्या, चेहरे तिथे दिसले.

कटऑफवर माझा राग नाही. रस्ते कधीतरी मोकळे करावेच लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सची गोष्ट तर आणखी कडक. १९२१ पासूनची ही साधारण ९० किलोमीटरची शर्यत. बारा तास पुरे झाले की अंतिम रेषेवर एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. एक पाऊल मागे असलेल्यालाही पदक नाही. पाठ का, तर येणारा कोण आहे हे बघून हात अडखळू नये. मला ते फार योग्य वाटतं. बसमध्ये बसलेला असूनही.

*

एक शंका. माझ्या घड्याळात मॅरेथॉन ४२.७ भरली. आयोजकांनी जास्त पळवलं का?

*

नाही. प्रमाणित मार्ग मोजतात तो वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या वाटेने. वर हजार मीटरला एक मीटर जास्त धरतात, मार्ग कमी भरू नये म्हणून. आपण गर्दीत डावी-उजवीकडे करतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, वळण बाहेरून घेतो. त्यात उंच इमारतींजवळ जीपीएस भरकटतं. पाच तासांत यायचं असेल तर ७:०६ चा पेस कागदावर पुरतो, रस्त्यावर सातचा धरा.

*

मी गाइड रनर आहे. ज्यांना दिसत नाही अशा एका मित्राबरोबर धावतो, दोघांच्या हातात एकाच छोट्या दोरीची दोन टोकं.

लोकांना वाटतं मी त्याला नेतो. नियमानुसार मी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि रेषा त्याने माझ्या आधी ओलांडायची. त्यामुळे शेवटच्या शंभर मीटरमध्ये, जेव्हा तो अचानक सुसाट सुटतो, तेव्हा मला जीव खाऊन त्याच्या अर्धं पाऊल मागे राहावं लागतं. प्रत्यक्षात माझं काम बोलण्याचं आहे. 'पुढे गतिरोधक, तीन, दोन, एक.' 'डावीकडे वळण, लांबट.' 'समोर तिघे हात धरून चालतायत, आपण उजवीकडून.' म्हणून गाइडचा स्वतःचा वेग बराच जास्त हवा. पाच तास न धापता बोलता यायला पाहिजे. धागाकर्त्यांची चार वाक्यांची कसोटी इथे दिवसभर चालू असते.

सुरुवातीचा सराव पळण्याचा नव्हताच. पावलं जुळवायची, हात एका लयीत हलवायचे. माझा पाय लांब पडतो, त्याचा छोटा, पण भराभर. मी माझी ढांग छोटी केली, त्याने त्याची लांबवावी अशी अपेक्षा करणं बरोबर नव्हतं. सगळ्यात अवघड जागा पाण्याचं टेबल. सांडलेलं पाणी, चेपलेले कागदी ग्लास, अचानक थांबणारी माणसं. आम्ही शेवटच्या टेबलालाच जातो, पहिल्याला सगळे झुंबड करतात.

एकदा पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास मी उत्साहाने आजूबाजूचं सगळं वर्णन करत होतो. झाडं, ढोलवाले, लोकांचे फलक. तो म्हणाला, 'रस्ता सांग. बाकीचं मला ऐकू येतंय.'

*

टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे अकिलिस टेंडनवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पन्नाशी ओलांडल्यावर धावायला लागले. दम महिनाभरात वाढला, हृदय-फुप्फुसं लवकर तयार होतात. टेंडन आणि हाडं कित्येक महिने घेतात. मधल्या काळात माणसाला वाटतं आपण तयार आहोत, आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल सांगतं की नाही. मला पूर्ण विश्रांतीने काही फरक पडला नाही. फिजिओने पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करायला लावल्या, पुढे पाठीवर वजन घेऊन. कंटाळवाणा प्रकार आहे. अजून करते, कारण गुण आला.

घरचे 'या वयात कशाला' म्हणाले की मी फौजा सिंग यांचं नाव घेते. पहिली मॅरेथॉन ८९ व्या वर्षी, २००० साली लंडनला; २०११ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, टोरंटोला ८ तास ११ मिनिटं. यावर माझा मुलगा म्हणतो, मग तुला अजून खूप वेळ आहे, आज बस घरी.

*

आमच्याकडे शर्यतीत मी सगळ्यात शेवटचा असतो, ठरवून. शेवटच्या माणसाच्या मागे राहणारा स्वीपर. मागून गाडी येत असते, तिच्या आवाजाने लोक घाबरतात, म्हणून मी चालकाला अंतर ठेवायला सांगत राहतो. शेवटच्या माणसाला गप्पा हव्यात की शांतता, हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखावं लागतं. विचारलं तर दोघेही 'ठीक आहे' म्हणतात.

*

स्वीपर दादा, एक व्यावहारिक प्रश्न. सहा तासांच्या धावपटूला शेवटच्या टेबलांवर खरंच काय मिळतं?

*

पाणी बहुतेक ठिकाणी मिळतं. केळी आणि मीठ आधीच संपतात, स्पोर्ट्स ड्रिंकचं पिंप कधी असतं कधी पालथं घातलेलं असतं. स्वयंसेवक टेबल आवरत असले तरी मागितलं तर शोधून देतात, तेव्हा मागा. पण तीस किलोमीटरनंतरचं खाणं आपल्याजवळच ठेवा. जेल (कर्बोदकांच्या छोट्या पुड्या) कमरपट्ट्यात उड्या मारतात अशी तक्रार असते. पट्टा पोटावर न बांधता खाली, ओटीपोटाच्या हाडावर घट्ट बांधा आणि जेल मागच्या बाजूला चपटी लावा. नाहीतर चड्डीला मागे चेनचा खिसा असतो, त्यात दोन बसतात.