फ्रीजरमधली आइस वाइन
कुणीतरी विचारलंय, द्राक्षं फ्रीजरमध्ये ठेवून आइस वाइन होईल का? गोड वाइन होईल, पण कॅनडात तिला आइस वाइन म्हणता येणार नाही. तिथे द्राक्षं वेलीवरच गोठावी लागतात, उणे 8 अंश किंवा त्याखाली. मग बहुधा रात्रीच खुडून, गोठलेलीच दाबतात. पाण्याचा बर्फ चोथ्यात अडकतो, घट्ट गोड रस तेवढा थेंबथेंब गळतो. तो आंबायलाही आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून बाटली छोटी आणि महाग. आमच्या रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त! भाच्याने नायगाराहून आणलेली चाखली: गोडाला आंबटाची धार, थेट अमृत कोकमची आठवण. लहान ग्लासात, थंडगार, घोटघोट प्यायची. खाऱ्या काजूंबरोबर झकास लागली; आंबापोळीबरोबर मात्र दोघींचीही चव गेली.