गोड खात नाही तरी शुगर बॉर्डरवर कशी?

कळवेकर:
वय ३६, अंगाने बारीकच आहे, फक्त पोट तेवढं पुढे आलंय. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे ती रक्तातल्या साखरेची टेस्ट, ६.१ आलं. आईबाबा दोघांनाही डायबिटीस नाही, मिठाई मला आवडत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. काम बीकेसीत, दिवसभर खुर्चीत, घरी पोचून जेवेपर्यंत साडेदहा होतात आणि मग मोबाईल बघता बघता एक वाजतो. लॅबचा घोळ असेल का?

परळची सिस्टर:
५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी, ६.५ पासून डायबिटीस धरतात. ही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते, शंका असेल तर फास्टिंग शुगर करून घे आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. आणि बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस रे, आपल्या लोकांत कमी वजनातही पोटात चरबी साठते आणि तीच जास्त त्रास देते, रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्शुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. कंबर मोज, पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवी, बायकांना ८० च्या. वडापाव, मैद्याची बिस्किटं, ताटभर भात, हे गोड लागत नसलं तरी त्याची साखरच होते.

लालबागचा बाळू:
सगळं ऑफिसवर ढकलू नका हो. आमचे आजोबा गिरणीत रात्रपाळी करायचे, भात भरपूर खायचे, काही झालं नाही त्यांना.

परळची सिस्टर:
बाळूदादा, आजोबा पाळीभर मागावर उभे असायचे ना? मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू हलत असले की इन्शुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. खुर्चीत बसून ते होत नाही. रात्रपाळी तेव्हाही वाईटच, झोप अपुरी झाली की शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात.

विक्रोळीची ताई:
माझ्या मिस्टरांचं बीपी असंच चेकअपमध्ये कळलं, त्रास काहीच नव्हता. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स रोजचंच होतं. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, ते तर नुसत्या भाजी-आमटीतच जवळपास संपतं. आता संध्याकाळी सातला ते ऑफिसातच पोळीभाजी खातात, मग स्टेशनवरून रिक्षा न करता चालत येतात.

कळवेकर:
ताई, सातला डबा जमेल मला. सिस्टर, फास्टिंगला किती तास उपाशी राहायचं?

परळची सिस्टर:
निदान आठ तास, पाणी चालेल. म्हणजे त्या रात्री एकपर्यंत जागलास तरी खायचं काही नाही.