नकाशावर 11, बागेत 7: फरक कुठून येतो?

विंडी या हवामान-नकाशाच्या ॲपवर निफाडला पहाटे 11 अंश दिसत होते आणि तिथल्याच द्राक्षबागेतल्या तापमापीवर 7. नकाशा खोटा नाही, जाळी मोठी आहे. जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या आकड्यांची एक चौकट साधारण 27 किमीची. तिच्यात गोदाकाठ, माळरान, डोंगरउतार सगळं एकाच सरासरीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा सखल शिवारात साचते, ती त्यात दिसतच नाही. त्यामुळे आधी मॉडेल बदलून ईसीएमडब्ल्यूएफ हे युरोपीय मॉडेल लावा, जाळी 9 किमीची होते. तरीही नदीकाठचा खोलगट भाग सुटतोच.

दुसरी गोम वेळेची. तीन तासांच्या टप्प्यात आकडे 5:30 आणि 8:30 चे येतात. मधली हलती चित्रं म्हणजे या दोन आकड्यांमधलं नुसतं जोडकाम. जानेवारीत नीचांक सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे नेमका मधे. तासाचा टप्पा निवडा.

वाऱ्याच्या पळत्या रेषा 10 मीटर उंचीवरच्या असतात, वेलींच्या मांडवातल्या नव्हे. फवारणीसाठी वाऱ्याच्या झोतांचा (गस्ट्स) थर वेगळा उघडा आणि एकक तपासा: 8 नॉट म्हणजे ताशी जवळपास 15 किमी, औषध शेजारच्या बागेत!