झाकण वरून नको, तळच वेगळा करा

नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं १:२०० मॉडेल प्रदर्शनाला न्यायला वरून झाकणाची पेटी करून आत थर्माकोल भरायचा, असं तुम्ही म्हणताय. मला दोन्ही पटत नाही. खरं जहाज २६२ मीटरचं, म्हणजे मॉडेल १३१ सेंटिमीटर. एवढं लांब मॉडेल खोल पेटीतून वर काढताना बोटं कुठेतरी अडकतातच. माझ्या एका युद्धनौकेची रडारची काठी अशीच गेली. आवाजसुद्धा झाला नाही, तुकडा नंतर पेटीच्या तळाशी सापडला.

त्यापेक्षा १२ मिमी प्लायचा तळ करा आणि मॉडेल त्यालाच दोन बोल्टनी आवळा. त्यासाठी डेक चिकटवायच्या आधी आतून नट बसवून घ्या, नंतर हात पोचत नाही. बाजू आणि छत मिळून ६ मिमी प्लायची टोपी, चारही बाजूंनी पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडून. टोपी दोघांनी सरळ वर उचलायची, तिरकी झाली की घासलीच. उचलायच्या मुठी मात्र तळाला लावा, टोपीला नाही, म्हणजे टोपी तळाला धरून ठेवणारी खिटी निसटली तरी मॉडेल हातातच राहतं.

थर्माकोलचे दाणे रंगाला असे चिकटतात की ब्रशनेही निघत नाहीत. मॉडेलला काहीच टेकू नये. धक्के सोसायला तळाखाली इंचभर ईपीई फोम (पॅकिंगमध्ये वापरतात तो मऊ, लवचिक फोम) लावा.

आणि प्लाय कापण्याआधी गाडीचं दार आणि लिफ्ट टेपने मोजा. पेटी बाहेरून साधारण १४५ सेंटिमीटर होईल, ती डिकीत आडवी जात नाही.