विंचेस्टर ९४ ला भोकं पाडू नका

आजोबांच्या विंचेस्टर १८९४ रायफलवर दुर्बीण बसवायची म्हणताय, पण जुन्या ९४ मधून काडतुसाची रिकामी पुंगळी सरळ वरून उडते. दुर्बीण मधोमध लावली तर तिथेच आपटणार. या चर्चेत वर कुणीतरी दुर्बिणीसाठी भोकं पाडायला सांगितलंय, ते तर अजिबात नको! मूळ पोलादाला नवं भोक पडलं की संग्राहक तोंड फिरवतात. दस्त्याच्या मानेवर मुळातलेच आटे असतील तर तिथे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, बसवा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढतं, नेम सुधारतो.

गोळी नेमाच्या वर लागते म्हणालात, म्हणजे पुढची साइट उंच हवी. किती? ४५ मीटरवर ९ सेंमी वर लागत असेल आणि साइटमधलं अंतर ५० सेंमी असेल, तर १ मिमी. डाव्या-उजव्यासाठी नळीवरची मागची साइट पितळी पंचने (ठोकायच्या दांडीने) हळूहळू सरकवायची, गोळी जिकडे न्यायची तिकडेच. पोलादी पंच लावलात तर निळी झिलई गेलीच म्हणून समजा.

काम परवानाधारक कारागिराकडे, चाचणी रेंजवरच. ठाण्यात राहता म्हणून सांगतो, चाचणीसाठी येऊरच्या जंगलाचा विचारही नको, तिथे राष्ट्रीय उद्यान आहे.

आणि हो, ९४ च्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणून चपट्या टोकाचीच गोळी. टोकदार असेल तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकतं, धक्क्याने आतच बार उडू शकतो.